वरच्या मजल्यावरची प्लेट

सायो : …म्हणजे रडून झालंय, की अजून रडायचंय? तसं सांग, म्हणजे डबा ठेवून बसते.

रित्सुको : रडले नाही काकू. सेन्सेई खाली मीटिंगला गेलेत. डबा त्यांच्या ऑफिसात ठेवा, प्रयोगशाळेत नको.

सायो : ठेवला. डबा घरी विसरायचा आणि बायकोला चढ चढायला लावायचं, एवढंच आमच्या प्राध्यापकसाहेबांचं संशोधन उरलंय. तुझं काय बिनसलं? परवा तर उड्या मारत होतीस, ते प्रथिन परत घातलं म्हणून.

रित्सुको : तेच फसलं. साके दारूसाठी भातावर लावतात ती कोजीची बुरशी धाग्याच्या टोकाकडून वाढते, सांगितलं होतं ना? त्या टोकाशी माझं प्रथिन बसलेलं असतं. दिव्याच्या बटणासारखं. चालू झालं की बाकीच्यांना हाक मारतं, 'इकडं या, भिंत इकडं बांधा.' मग धागा तिकडं वाढतो.

सायो : आणि तू ते काढून टाकलंस.

रित्सुको : टाकलं, तर धागाच होईना. नुसते फुगलेले गोळे. कुठं जायचं तेच कळेना बिचारीला.

सायो : मार्चमध्ये हे निवृत्त झाले की आमच्या घरी तेच होणार आहे.

रित्सुको : काकू, चेष्टा नको. प्रथिन परत घातल्यावर ती पुन्हा सरळ वाढली, तरच माझं म्हणणं खरं. नाहीतर शनिवारी परिषदेत उभं राहून म्हणायचं, 'चुकलं माझं, सगळं परत घेते.'

सायो : आणि वाढली नाही.

रित्सुको : वाढली की नाही तेच दिसत नाही! बुरशी लावलेल्या सगळ्या प्लेटांवर बुळबुळीत साय आलीय. सुई लावली की तार सुटते.

सायो : तार?

रित्सुको : नात्तोच्या आंबवलेल्या सोयाबीनला सुटते तशी. नात्तोचाच जंतू तो, कोजीची सवत. साकेवाले थंडीभर नात्तोला शिवत नाहीत, तेच इथं बारा महिने. दारावरची 'नात्तो खाऊन आत येऊ नये' ही पाटी सेन्सेईंच्याच हातची आहे. मी तर दुकानात त्या फळीपुढून जाताना श्वास धरते हो! तरी माझ्याच हातून शिरला कुठून तरी.

सायो : …रित्सुको, प्लेटा तुझ्याशिवाय कुणी उघडतं?

रित्सुको : कोण उघडणार? सेन्सेईंनी तर उन्हाळ्यातच सांगितलं, आता तुमचं तुम्ही बघा, मी फक्त सह्या करणार.

सायो : मलाही तेच सांगितलं. म्हणून तर मी…

रित्सुको : म्हणून काय?

सायो : हा मितो शहराचा माणूस गं. तिकडची पोरं दात यायच्या आधी नात्तो खातात. लग्न ठरताना माझ्या वडिलांपुढं यांची अट एकच, घरात नात्तो येणार नाही. उमेदीची सगळी वर्षं त्याच्याशिवाय काढली. म्हटलं, आता बुरशीशी संबंध नाही, खाऊ देत. या महिन्यात रोज सकाळी वाढते. डोळे मिटून खातात.

रित्सुको : पण ते इथं येतात कुठं?

सायो : 'पाय मोकळे करतो' म्हणून निघतात. परत आले की सांगतात, 'रित्सुकोच्या प्लेटांवर आज पांढरं दिसायला लागलं.' मला वाटलं, तूच फोन करून कळवतेस.

रित्सुको : मी कधीच फोन केला नाही.

सायो : मग झाकणं उघडून नाक खुपसून बघत असणार. जीव राहत नाही ना. चष्मा डोक्यावर आणि नाक बुरशीत!

रित्सुको : अहो काकू… मी हात धुऊन धुऊन सोलून काढलेत!

सायो : हस बाई, हस. पण शनिवारच्या आत पुन्हा वाढणार का?

रित्सुको : एक प्लेट आहे. त्याच दिवशी लावलेली. आमच्या उबेच्या कपाटात जागा नव्हती, म्हणून वरच्या मजल्यावर यीस्टवाल्यांकडे ठेवली. तिथली किल्ली सेन्सेईंकडे नाही.

सायो : मग? बघितलीस?

रित्सुको : धीर झाला नाही. तिथंही गोळेच असले तर नात्तोवरही ढकलता येणार नाही.

सायो : जा, आण. मी दाराबाहेरच थांबते. सकाळी तो वाडगा मीच विसळलाय.

(रित्सुको प्लेट घेऊन येते, सूक्ष्मदर्शकाला डोळे लावते. प्लेट इकडून तिकडे सरकवत राहते.)

सायो : अगं, काय ते बोल! चढ चढून जीव एवढासाच उरलाय.

रित्सुको : धागे आहेत.

सायो : सरळ?

रित्सुको : सरळ. विंचरल्यासारखे. प्रथिनाला मी हिरवी चमक जोडली होती ना… प्रत्येक टोकाला एक हिरवा ठिपका आहे काकू. जिथं असायला हवा तिथंच.

सायो : आता रडलीस तरी चालेल.

रित्सुको : प्लेटवर पडेल.

सायो : मग आधी झाकण लाव. यांना सांगणार का? कळलं तर पुन्हा नात्तो तोंडाला लावायचे नाहीत.

रित्सुको : सांगणार. आधी ही प्लेट दाखवते, मग सांगते. डब्यात काय आहे?

सायो : भात, अंड्याची वडी, आणि… बरं, ती छोटी डबी मी परत नेते.

रित्सुको : नको, राहू दे. खाली अंगणातल्या बाकावर बसून खाऊ देत. आणि उद्यापासून सकाळी मी फोन करत जाईन त्यांना. काय वाढलं, कसं वाढलं, सगळं सांगेन.

सायो : कर. जरा लवकर कर, हे बूट घालायच्या आत.