साडूंचं लोहचुंबक

माझे साडू दिलीपराव कुणाचीही गाडी बघायला जातात ते खिशात लोहचुंबक घेऊनच. चुंबक चिकटलं नाही, की तिथे गाडी ठोकलेली आहे आणि पुटी भरून रंगवली आहे, असं समजायचं.

मी घरी जोडलेल्या गाडीची बॉडी फायबरची. सोनागिरीतल्या आमच्या घराच्या अंगणात दोन महिने ती पॉलिश पेपरने घासली, टाचणीएवढी भोकं एकेक करून बुजवली. रंगवायला आनंद नगरचे रशीदभाई आले. त्यांचं नाव मेहुणीनेच सुचवलं होतं. "त्यांचा हात लागला की काही कळतच नाही," म्हणाली.

लाल रंग वाळला तसे दिलीपराव आणि मेहुणी बघायला आले. दिलीपरावांनी बॉनेटला चुंबक लावलं, ते घसरलं. दाराला लावलं, पडलं.

"अहो, ही तर सगळी पुटीच आहे."

"फायबर आहे, दिलीपराव. त्याला चुंबक चिकटत नाही."

"ते मला सांगू नका. खरी गाडी कशी असते ते दाखवतो, या."

फाटकाबाहेर त्यांची गाडी उभी होती, शोरूममधून नवी घेतलेली. त्यांनी ऐटीत मागच्या दाराला चुंबक लावलं. ते थेट माझ्या चपलेवर पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं.

"दिवाळीत खांबाला लागली होती," मेहुणी शांतपणे म्हणाली. "तुम्ही दौऱ्यावर होतात. रशीदभाईंनी करून दिलं."

दिलीपराव दारावरून हात फिरवत राहिले. "काही कळतच नाही," एवढंच म्हणाले.

ते चुंबक आता आमच्या फ्रिजवर विजेचं बिल धरून बसलेलं असतं.