बापलेकांचा सिनेमा

लघुपटांचा खेळ संपला होता आणि लिफ्टच्या रांगेत, एका वयस्कर जोडप्यामागे तो मान खाली घालून उभा होता. त्याच्या लघुपटातला मुलगा तोच होता आणि केसांना पावडर लावून झालेला बापही तोच. मदतीला दुसरे कुणीच नसल्यामुळे ते दोघे पडद्यावर एकदाही एकत्र येऊ शकले नव्हते. ही लबाडी उघडी पडेल, एवढीच धास्ती त्याला होती.

"अहो, तो बापलेकांचा सिनेमा. मला काहीतरी खटकलं त्यात."

"काय?"

"दोघं एकत्र दिसलेच नाहीत. एक आत, तर दुसरा बाहेर."

"दिसतील कसे? अबोला होता ना त्यांच्यात."

"तसं कुणी म्हटलं का?"

"म्हणायला कशाला हवं? मी आणि दादा तसेच तर राहायचो. तो जेवून उठल्याशिवाय मी स्वयंपाकघरात पाऊल टाकत नसे."

"हं. मग बरोबर आहे."

"मला तर बघवेना शेवटी."

"बाप झकास होता हो. मुलगा मात्र अगदी ठोकळा."

"हळू बोल. इथेच असेल कुठेतरी."

"असू दे की. घरात एवढा मुरलेला नट आहे, शिकावं जरा त्याच्याकडून."

"घरात?"

"सख्खे बापलेक आहेत ते. कान नाही बघितले तुम्ही?"

लिफ्ट आली.

"येताय ना? जागा आहे," बाई दार धरून म्हणाल्या.

"नको, तुम्ही व्हा पुढे," टोपी कानांवर ओढून घेत तो म्हणाला, आणि रिकाम्या जिन्याने हसत हसत उतरू लागला.