गोटूचे शब्द आणि ताईचा सत्कार

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षा, आदरणीय मुख्याध्यापिका बाई, व्यासपीठावर बसलेले संस्थेचे पदाधिकारी आणि पाहुणे मंडळी, समोरचे पालक, शिक्षक, दाराशी उभे असलेले शिपाईमामा, विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आणि जिच्यासाठी आपण सगळे जमलो ती आजची सत्कारमूर्ती, म्हणजे कार्यक्रमपत्रिकेतल्या मॅडम आणि माझी सख्खी मोठी बहीण, आमची ताई. सर्वांना माझा नमस्कार.

मला भाषणाची सवय नाही. मी पडदे शिवते. या सभागृहाच्या खिडक्यांवर लोंबतायत तेही माझ्याच मशीनवरचे आहेत. डावीकडचा तिसरा आखूड दिसतोय, त्याला मी जबाबदार नाही, धुतल्यावर कापड आटलं. मला बोलावलं ते ताईच्या बालपणीच्या आठवणी सांगायला. बाई म्हणाल्या, "पाचच मिनिटं, आणि छान गोड गोड सांगा हं." पाच मिनिटांचं बघते. गोडाचं माझ्या हातात नाही.

आत्ता सरांनी ताईची ओळख करून दिली. लहानपणी एकटीनं नवी भाषा रचणारी ही मुलगी पुढे मोठमोठ्या कंपन्यांच्या वस्तूंना नावं देणारी झाली, असं ते म्हणाले. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. फक्त त्यातला 'एकटीनं' हा शब्द तेवढा चुकलाय. मागे एका मासिकातल्या मुलाखतीतही तो असाच चुकला होता. तेव्हा मला वाटलं, छापणाऱ्यांचा घोटाळा असेल. आजची ओळख ताईनंच लिहून दिलीय, असं सर मघाशी म्हणाले.

आम्ही तीन भावंडं. ताई, मी आणि गोटू. गोटूची जीभ जन्मापासून उचलली जात नाही. गल्लीत त्याला मुका म्हणायचे. मुका तो कधीच नव्हता. ओठांनी काढता येतात तेवढे आवाज त्याला यायचे. म, ब, प, व, आणि त्यांना जोडून ओ, ऊ, ए, आ. बाकीची बाराखडी त्याच्यासाठी बंद. वडील घड्याळं दुरुस्त करायचे, आई दवाखान्याच्या चादरी धुवायला जायची, आणि दुपारभर तो आम्हा दोघींच्या ताब्यात. एक दिवस ताई म्हणाली, "त्याला आपलं बोलता येत नाही ना? मग आपणच त्याचं बोलूया." नऊ-दहा वर्षांची असेल. हे डोकं तिचंच, मी कुणापुढेही सांगेन.

'बुमो' म्हणजे भीती वाटतेय, दिवा लाव. 'वेमा' म्हणजे दुखतंय. 'ओपू' म्हणजे जवळ बस. शब्द ताई सुचवायची, पण पास करायचा गोटू. तोंडात बसला नाही की मान हलवायचा, बसला की पोट धरून हसायचा. असे कितीतरी झाले. व्याकरणबिकरण मला कळत नाही. त्या भाषेत आम्हाला कडाकडा भांडता यायचं, एवढं मात्र माहीत आहे.

मग याच शाळेत, याच सभागृहात, व्यवसाय मार्गदर्शन करायला एक साहेब आले. ताईनं उभं राहून विचारलं, "मला भाषा बनवता येते. मी काय होऊ?" साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "टायपिंग शिक." सगळं सभागृह हसलं. ताई घरी येऊन रडली, आणि गोटू तिच्या फ्रॉकचं टोक धरून 'ओपू, ओपू' करत राहिला.

ती टायपिंग शिकली. जाहिरात कंपनीत लागली. एकदा फरशी पुसायच्या औषधाला नाव सुचेना म्हणून मोठी माणसं डोकं धरून बसली होती, तेव्हा ताई सहज म्हणाली, "बुमो." पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. समोर बसलेल्यांपैकी निम्म्या घरांत ती बाटली असेल.

आमच्याही घरात ती जाहिरात आली. गोटू टीव्हीसमोर जेवत होता. टीव्हीतली बाई म्हणाली, "बुमो!" गोटूनं ताट बाजूला सारलं, उठला आणि दिवा लावला. भर दुपारी. त्या बाईला भीती वाटत होती ना! मग टीव्हीवर हात ठेवून उभा राहिला, तिची भीती जाईपर्यंत. मी आणि आई हसलो. मी फोन करून ताईला सांगितलं, तीही खूप हसली.

पण जाहिरात काय एकदाच लागते? ती लागायची आणि तो उठायचा. प्रत्येक वेळी. पुढे अर्ध्यावर उठून परत बसायला लागला. नंतर उठेनासाच झाला. आणि एका संध्याकाळी वीज गेली. मी स्वयंपाकघरात, तो बाहेरच्या खोलीत एकटा. मी वाट बघतेय, हाक येईल. आलीच नाही. मेणबत्ती घेऊन गेले तर भिंतीला पाठ लावून बसलेला, अंग थरथरतंय आणि ओठ घट्ट मिटलेले. त्याला कळलं होतं की तो शब्द आता कुणीही, कधीही, काही नसताना म्हणतं. मग तो म्हणून उपयोग काय?

त्यानंतर 'वेमा' ओठांच्या रंगाला गेला. 'ओपू' कर्ज देणाऱ्या कंपनीला. जवळ बस म्हणतात आणि मग उठू देत नाहीत, तेव्हा नाव शोभतं खरं. हसा, ताईही हसतेय. एकेक शब्द बाजारात गेला तसा गोटूच्या तोंडून गेला. दाढ सुजून गाल टम्म झाला तरी त्यानं 'वेमा' म्हटलं नाही. डॉक्टर म्हणाले, घसा उत्तम, कान उत्तम, वयोमानानं होतं असं. टीव्ही मी माळ्यावर टाकला, तर तेच शब्द बसवर, भिंतींवर, शेजारच्या पोरांच्या तोंडी. ताईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, शब्दच आहेत ते. नवे करून देऊ त्याला." कधी, ते बोलली नाही.

मघाशी चहाच्या वेळी एक पालक मला भेटल्या. त्यांच्या मुलीनं स्वतःची लिपी तयार केलीय, आणि सांकेतिक चिठ्ठ्या तर सतत चालू असतात म्हणे. मला म्हणाल्या, "तुम्ही असं मूल घरात पाहिलंय. हिचं पुढे काय करावं हो?"

बाई, वाटा भरपूर आहेत, ताई सांगेलच. दुभाषी होता येतं, अनुवाद करता येतो, शब्दकोशाचं काम असतं, संगणकातली गुप्त कुलपं बनवता येतात. आणखी एक वाट मला फार उशिरा कळली. ज्यांना बोलता येत नाही त्यांना बोलतं करणारी माणसं असतात. त्याचा रीतसर अभ्यास असतो, नोकरी असते, पगार असतो. चष्मेवाल्या साहेबांना ते ठाऊक नसावं. ताईला मात्र ते काम लहानपणीच येत होतं, आणि आजही मला त्याचा राग येतो. साहेबांचा की ताईचा, ते नक्की सांगता येत नाही. तर मुलीला कुठल्याही वाटेनं पाठवा. फक्त आधी विचारा, "ही भाषा तू कुणाशी बोलतेस?" कुणाशीच नाही म्हणाली, तर खुशाल बाजारात न्या. पण तिनं कुणाचं नाव घेतलं, तर त्या माणसाला विचारल्याशिवाय एक अक्षरही देऊ नका.

आता शेवटचं. कार्यक्रमपत्रिकेत लिहिलंय की मी त्या भाषेतले शब्द म्हणून दाखवीन. एकच उरलाय. झोपायच्या आधी आम्ही तिघं एकमेकांना म्हणायचो तो. गेल्या आठवड्यात ताईचा फोन आला, कितीतरी महिन्यांनी. मी म्हटलं, "गोटूची चौकशी करतेयस?" ती म्हणाली, "हो गं, कसा आहे? बरं ऐक, आपण झोपताना काय म्हणायचो? 'म'नं सुरू व्हायचं ना? एका झोपेच्या गोळीचं काम आलंय." मी फोन ठेवून दिला.

ताई, तू विसरलीस हे आधी मला खरंच वाटेना. मग बरं वाटलं. तो शब्द मी आज इथे म्हणणार नाही. हवा असेल तर घरी ये, पत्ता तोच आहे. गोटूजवळ बस. त्यानं म्हटला तर घेऊन जा, कुठल्याही गोळीला दे, मी अडवणार नाही. पण सांगून ठेवते, आता तो मलाही म्हणत नाही. मी म्हणते आणि तो भिंतीकडे तोंड फिरवतो. त्याला वाटतं, हाही गेला. नाही गेला रे, हे मी त्याला कसं समजावू? ते समजवायला लागणारे सगळे शब्द तू विकून बसलीस.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, बाईंनी घंटी वाजवली नाही, आणि आपण सगळ्यांनी ऐकून घेतलं, त्याबद्दल मनापासून आभार. बोलताना कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कार्यक्रमाचा रंग उतरला असेल, तर सभागृहानं मोठ्या मनानं ते सोडून द्यावं.

ताई, तू सोडून देऊ नकोस.