उसातला खुनी

एका खुन्यापायी माझ्या मुलीची सोयरीक मोडत होती. राहू गावचे पाहुणे तिला बघायला आले होते. चहा घेताना टीव्हीवरच्या गुप्तहेराच्या मालिकेचा विषय निघाला. आदल्या दिवशी शेवटचा भाग झालेला. खुनी उघड्या हातांनी उभ्या उसातून पळतो आणि अंगावर एक ओरखडा नाही!

मी म्हणालो, "हे खोटं हाय."

मुलाचे वडील तापले. "लई हुशार खुनी हाय त्यो. तुम्हाला न्हाई कळायचं."

"पाहुणं, उसाचं पान हुशारी बघत न्हाई."

ते टोपी घालून उठले. मुलगी दारात थिजली.

तेवढ्यात मुलानं बाही वर सारली. उसात राबून हात कोपरापर्यंत चिरलेला. "आबा, बसा. मामांचं खरं हाय."

मी बायकोला म्हणालो, "सुपारी आण. पोराचा हात बघितला मी."