रेजिसचा हात लागलेली एकतीस पिस्तुलं

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा माननीय नॉर्मा ह्लावाच, व्यासपीठावरच्या आपल्या प्रशिक्षिका श्रीमती फर्न टकर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते ब्लॅकथॉर्न रन नेमबाजी क्लबचे अठ्ठावीस वर्षांचे सुरक्षाप्रमुख श्री. रेजिस डोम्ब्रोस्की, आणि अग्निशमन दलाच्या या हॉलमध्ये खुर्च्या संपल्या म्हणून भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या सभासद बंधुभगिनींनो,

अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. आतल्या स्वयंपाकघरातून हलुश्कीच्या नूडल्समधल्या परतलेल्या कोबीचा वास येतो आहे, त्यामुळे अकरावं मिनिट तुम्हीच मला देणार नाही.

रेजिसकाका मला नावानं हाक मारत नाहीत. "कॉलेज" म्हणतात. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. त्यामुळे सुरुवातीला तो टोमणा होता, हे त्यांनाही ठाऊक आहे आणि मलाही. दोन वर्षांपूर्वीच्या वार्षिक सभेत मी उठून म्हणाले, की आपल्या क्लबात पिस्तुलाच्या देखभालीचं रीतसर प्रशिक्षण व्हावं, दोन दिवसांचं, बाहेरून जाणकार माणूस बोलावून. तेव्हा काका जागेवरून म्हणाले, "काय गं कॉलेज, कोंबड्यांचं खुराडं साफ करायलासुद्धा आता प्रमाणपत्र लागणार का?"

अख्खी सभा हसली. खरं सांगते, मीही हसले.

पण त्यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आपण हौशी माणसं. गुरुवारी संध्याकाळी पन्नास गोळ्या झाडायच्या, घरी येऊन नळीतून ब्रश फिरवायचा, चार थेंब तेल द्यायचं. पिस्तुलाबरोबर पुस्तिका येते, ती वाचली की झालं. मग दोन दिवस वर्गात बसून वेगळं काय मिळणार? हा प्रश्न प्रामाणिक आहे. मी आज त्याचं उत्तर प्रामाणिकपणेच देणार आहे.

पण आधी कबुली द्यायला हवी. प्रशिक्षणाचा आग्रह मी काही निव्वळ ज्ञानाच्या प्रेमापोटी धरला नव्हता. माझे बाबा, स्टश कुबियाक, पाइप जोडण्याच्या कामात उभा जन्म घालवलेला माणूस. त्या सभेच्या आधीच्या वर्षी एका गुरुवारी त्यांनी चाप एकदा ओढला आणि गोळ्या दोन सुटल्या. दुसरी शेडच्या छपरात गेली. कुणाला काही झालं नाही. पण नियम नियम असतो. काकांनी बाबांचं रेंजचं कार्ड काढून घेतलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "स्टश, बोट ताब्यात नसेल तर मासे धर."

बाबांनी वाद घातला नाही. पिस्तूल तळघरातल्या कपाटात कुलूपबंद केलं. वर्षभर गुरुवार आला की ते संध्याकाळी उगीच गवत कापत बसायचे. आमचं अंगण केवढं, तुम्ही पाहिलं आहे. मी कितीदा म्हटलं, "बाबा, तुमचं बोट नाही चुकलं. पिस्तुलातच काहीतरी आहे." ते म्हणायचे, "तू शिकलीस म्हणून तुला प्रत्येक गोष्टीला कारण लागतं. मी म्हातारा झालो, एवढंच कारण पुरे आहे."

मित्रांनो, माझं सगळं काय ते तिथे पणाला लागलं होतं. बाबांचं नाव.

सभेत शेवटी काकांनीच अट घातली. "घ्या प्रशिक्षण. मी माझं पिस्तूल टेबलावर ठेवतो. त्यात काही सापडलं नाही, तर हा विषय पुन्हा या क्लबात काढायचा नाही." मी हो म्हटलं. घरी गेल्यावर वाटलं, ही अट मान्य करायला नको होती. कारण राज्याच्या स्पर्धेत जिंकलेलं ते पिस्तूल काका स्वतःच्या दातांपेक्षा जास्त जपतात. (हसू नका, ते स्वतःच असं सांगतात.)

मार्चमध्ये टकरबाई आल्या. बावीस वर्षं सैन्यात हत्यारं दुरुस्त केलेली बाई. क्लबाच्या लांब टेबलावर एकोणीस पिस्तुलं, सगळी रिकामी, दोनदा तपासलेली. बाबा यायला तयार नव्हते. मी म्हटलं, "तुम्ही मागच्या खुर्चीवर बसा, बोलू नका, मी कॉफी आणते." ते आले, टोपी न काढता मागे बसले.

टकरबाईंनी नळीकडे बघितलंच नाही. त्या एकेक पिस्तूल घ्यायच्या, वरचा सरकता भाग मागे ओढून सोडायच्या आणि घोड्याकडे, म्हणजे चाप ओढल्यावर जो आपटून गोळी उडवतो त्या भागाकडे, बघायच्या. घोडा मागे अडकून राहायला हवा. बारा पिस्तुलांत राहिला. सात पिस्तुलांत चापाला बोटही न लावता खाली आला. म्हणजे आत गोळी असती तर ती आपोआप सुटू शकली असती. त्या सातांत एक बाबांचं होतं, मी तळघरातून आणलेलं.

आणि एक रेजिसकाकांचं.

टकरबाईंनी भिंगाखाली धरून दाखवलं. घोड्याला अडवून धरणारी जी बारीक धार असते, ती सातही ठिकाणी धारेच्या दगडावर घासून गुळगुळीत केलेली होती. त्या म्हणाल्या, "चाप लोण्यासारखा हलका लागावा म्हणून हे केलंय. मन लावून केलंय. पण नको तितकं केलंय. कुणी केलं?"

आता या हॉलमधल्या प्रत्येकाला उत्तर माहीत होतं. आपल्या क्लबात नवा सभासद रुळला, की रेजिसकाका त्याला आपल्या गॅरेजमध्ये बोलवायचे आणि दगड काढून त्याच्या पिस्तुलाचा चाप मऊ करून द्यायचे. "रेजिसचा हात लागला" असं आपण अभिमानानं सांगायचो. तो आपल्याकडचा मान होता. बाबांना तो मान मिळाला तेव्हा आईनं केक केला होता.

काका उठले. मला वाटलं, निघून जाणार. ते टेबलापाशी गेले नाहीत, टकरबाईंकडेही गेले नाहीत. थेट मागच्या खुर्चीसमोर जाऊन उभे राहिले. "स्टश," ते म्हणाले, "तुझं बोट नव्हतं. माझा दगड होता."

बाबांनी टोपी काढली. म्हणाले, "मासे धरून बघितले रे. मासेही मिळाले नाहीत."

त्या दिवशी मी इतक्या मोठ्यानं हसले आणि रडले, की टकरबाईंना पाच मिनिटं सुट्टी द्यावी लागली.

तर आता उत्तर. हौशी माणसाला प्रशिक्षणाचा फायदा होतो का? एकोणीसांतली बारा पिस्तुलं ठणठणीत होती, नुसत्या घरच्या ब्रशवर आणि तेलावर. हे मी लपवणार नाही. साफसफाई शिकायला वर्ग लागत नाही, हे काकांचं म्हणणं खरंच होतं. पण साफ असणं आणि बरं असणं यात फरक आहे, आणि तो ओळखायला कुणीतरी एकदा बोट धरून दाखवावं लागतं. ती सात पिस्तुलं टेबलावरची सगळ्यांत चकचकीत होती! दुसऱ्या दिवशी टकरबाई म्हणाल्या ते वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. "तुम्हाला येतं त्याच्या एक स्क्रू अलीकडे थांबा, आणि पुढचं कारागिराकडे न्या." हे थांबणं अर्धवट शिकलेल्या माणसाला जमत नाही. मी पदवीधर आहे, मला विचारा.

काकांनी त्याच आठवड्यात राजीनामा दिला. क्लबानं नाकारला. त्यांनी पुन्हा दिला, क्लबानं पुन्हा नाकारला. मग त्यांनी गॅरेजच्या भिंतीवर एक यादी लावली, हात लागलेल्या पिस्तुलांची. एकतीस. म्हणाले, "ही संपेपर्यंत मला निरोप देऊ नका, मला तो घ्यायचा अधिकार नाही." आणि चौऱ्याहत्तर वर्षांचा हा माणूस दारोदार गेला. "मी तुझं पिस्तूल बिघडवलं आहे, चल माझ्याबरोबर." मालकाला गाडीत शेजारी बसवून कारागिराकडे नेलं, प्रत्येकाला. कुणी चिडलं, कुणी दार लावून घेतलं, त्यांच्याकडे ते तिसऱ्यांदा गेले. मधल्या काळात टकरबाईंच्या वर्गात पहिल्या बाकावर बसून परीक्षाही दिली. शेवटचं पिस्तूल ओहायोत होतं, आपल्या एका दिवंगत सभासदाच्या मुलीकडे. ते मागच्या बुधवारी दुरुस्त झालं.

यादी संपली. म्हणून आज हा निरोप आहे. मी पुस्तकांतून पुष्कळ धैर्याच्या गोष्टी वाचल्या, पण चूक कळल्यावर एकतीस वेळा दार वाजवणारा माणूस मला माझ्याच क्लबात भेटला.

नॉर्माताई, टकरबाई, आणि पुढच्या वर्गासाठी नाव नोंदवलेल्या त्रेचाळीस सभासदांनो, मी तुमची ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहिलं असेल, घरातलं चारचौघांत आणलं असेल, तर लहान समजून पदरात घ्या.

आता सन्मानचिन्ह द्यायचं आहे. ते नव्या सुरक्षाप्रमुखांच्या हस्ते द्यायची आपली पद्धत आहे. त्यांचं नाव रेजिसकाकांनी स्वतः सुचवलं आणि मंगळवारच्या सभेत एकही हात खाली राहिला नाही.

बाबा, या. टोपी राहू द्या डोक्यावर.