थेंब न सांडता

मंगळवार, १४ मे २०२४, सकाळचे दहा वाजून दहा मिनिटे. बोलिव्हियातल्या सुक्रे शहरातल्या एका दुकानात, आत गरम रस्सा भरलेल्या, करंजीसारख्या सालतेन्यांसाठी अकरा माणसे रांगेत होती. यंत्रकाम शिकवून निवृत्त झालेले शिक्षक दॉन एलेउतेरियो यांच्यापुढे एक तरुण शिक्षिका आपल्या आत्याशी बोलत होती.

“आत्या, आज दुपारी तपासनीस वर्गात बसणार. नोकरी पक्की, नाहीतर घरी!”

“धड्याचं उद्दिष्ट काय लिहिलंयस, लिसेत?”

“मुलांना अपूर्णांकांची जाण येईल.”

“आली हे कळणार कसं? माना डोलावल्या की?”

“टोमणे नकोत गं!”

“बरं, तुझ्या परदेशी नवऱ्याला सालतेन्या खायला शिकवलंस, तेव्हा म्हणालीस, ‘जाण ठेव’?”

“छे! म्हटलं, ‘चमच्याशिवाय, थेंब न सांडता संपवून दाखव.’ तीन शर्ट गेले, पण शिकला... अगं, थांब! घंटेआधी प्रत्येक मूल एक पाव तिघांत सारखा वाटेल आणि एका वाट्याचा अपूर्णांक लिहून दाखवेल!”

“आता कशी बोललीस!”

दुसऱ्या दिवशी भूक नसतानाही दॉन एलेउतेरियो त्याच वेळी रांगेत हजर होते.

“नोकरी?” पुढे उभ्या आत्याने लिसेतला विचारलं.

“पक्की! तपासनीसांनी स्वतःच मोजलं.”

“कितींना जमलं?”

“बत्तिसांपैकी एकोणतीस.”

“आणि उरलेले?”

लिसेत दुकानदाराकडे वळली.

“दोन सालतेन्या द्या, आणि तीन पाव.”