खेकड्यांची जागा

मी हल्ली खेकडे का आणत नाही म्हणून मला काय विचारता, त्या व्हिडिओवाल्या परागला विचारा. इथे इंग्लंडात आमच्या लीड्सपासून दोन तासांवर समुद्राचा एक कोपरा आहे, ओहोटीला तिथले दगड उघडे पडतात. मी आणि माझी बायको कुसुम वर्षानुवर्षं तिथे खेकडे धरायचो. आमच्या कोकणात शिकारीला निघालेल्याला "कुठे चाललास" असं विचारत नाहीत. कुसुमने तर सख्ख्या बहिणीलाही जागा सांगितली नाही. ती गेली, मला एकट्याला जाववेना, म्हणून मूर्खासारखा शेजारच्या परागला घेऊन गेलो. त्याचं शिकारीचं चॅनल आहे, हे ठाऊक असून.

पुढच्या खेपेला गेलो तर गाडी लावायला जागा नाही. दगड सगळे उलटेपालटे, एकानेही परत नीट ठेवलेला नाही. वर एक गोरा मलाच सांगतो, इथे खेकडे चांगले मिळतात!

तिथूनच परागला फोन लावला. "गाढवा, व्हिडिओत पत्ता कशाला टाकलास?"

"काका, पब्लिक बीच आहे. सगळ्यांचा हक्क आहे ना?"

"हक्क आहे रे. पण ज्याची जागा त्याला शोधू दे की! आम्हाला तीन उन्हाळे लागले."

मग म्हणाला, "सॉरी काका. मी तुम्हाला दुसरा स्पॉट शोधून देतो, याच्यापेक्षा भारी."

"नको," म्हटलं, "तिथे कुसुम कधी आली नव्हती."